गिरिजाच्या कोऱ्या प्लेटा

गिरिजा बिराजदारचं आणि माझं कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर फार बरं झालं असतं. भांडण झालं की माणूस दोन दिवस तणतणतं, चार जणांना सांगतं आणि मोकळं होतं. माझ्या नशिबी ते नव्हतं. सोलापुरातल्या एकाच कॉलेजात, एकाच सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आम्ही दोघी एकाच महिन्यात रुजू झालो, समोरासमोरच्या टेबलांवर बसलो, आणि तेव्हापासून ती निवृत्त होईपर्यंत मी तिच्यावर जळत राहिले. एकदा, फक्त एकदा, मला तिच्या पुढे जायचं होतं. हे सांगताना मला लाजबिज वाटत नाही. तिच्यासमोर बसून जो जळला नसता, त्याला मीच हात जोडले असते.

दिसायला काही विशेष नव्हती हो. ठेंगणी, सावळी, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, अ‍ॅप्रनचं एक बटण कायम तुटलेलं आणि तिथं साडीची पिन. माहेर अक्कलकोटचं, सासर कुंभारीचं. बोलताना कानडीतून मराठीत आणि मराठीतून कानडीत अशी ये-जा करायची की तिला स्वतःलाही पत्ता नसायचा. सकाळी आली की प्राचार्यांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना एकच प्रश्न, "ऊट आत?" म्हणजे जेवण झालं का. सकाळी साडेनऊला कुणाचं जेवण होतं? पण तिनं विचारलं की लोक थांबून उत्तर द्यायचे. मी "नमस्कार" म्हटलं की लोक "नमस्कार" म्हणून पुढे जायचे. आमचा प्रयोगशाळा परिचर महबूबभाई तिच्यासाठी आलं कुटून चहा करायचा. माझ्या कपात आलं कधी पडलं नाही, आणि मागून घेणं माझ्या स्वभावात नाही.

पहिल्याच वर्षी प्राचार्यांनी टूम काढली की नव्या शिक्षकांनी एकमेकांचे तास बघावेत. मी तिच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. विषय होता जीवाणूंचे स्पोअर, म्हणजे बीजाणू. हाच विषय मी आदल्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीला शिकवला होता. चार रंगांचे खडू वापरून फळाभर आकृती काढली होती, एकेका आवरणाला नाव दिलं होतं. मुलं जांभया देत होती. गिरिजानं खडूला हातच लावला नाही.

"मे महिना. भर दुपार. सोलापूरकर काय करतो?"

"झोपतो!" सगळा वर्ग ओरडला.

"कसा झोपतो?"

"दारंखिडक्या लावून, मॅडम!"

"मी जाऊन कडी वाजवली. उघडतो का?"

"न्हाई!"

"मग मेला म्हणायचं का त्याला?"

वर्गात जो हशा झाला, तो शेजारच्या रसायनशास्त्रवाल्यांना ऐकू गेला. हसणं ओसरू देऊन ती म्हणाली, "स्पोअर असाच असतो की. दिवस वाईट आले की काही जीवाणू जाड भिंतींचं घर करून आत पडून राहतात. उकळा, वाळवा, दाद देत न्हाईत. पाणी मिळालं, खायला मिळालं की दार उघडून बाहेर. त्याला म्हणायचं अंकुरण. आता आपण सॉसमध्ये, लोणच्यात टिकावं म्हणून रसायनं घालतो ना, ती त्याला मारतातच असं न्हाई. बऱ्याचदा नुसती दाराबाहेर बसून राहतात. त्याला बाहेर येऊ देत न्हाईत. ती उठून गेली की हा आलाच."

त्या वर्षी परीक्षेत झाडून सगळ्या पोरांनी उत्तरपत्रिकेत सोलापूरकर लिहिला. आणि त्या तपासायला कुणाकडे आल्या? माझ्याकडे. प्रत्येकाला पूर्ण गुण द्यावे लागले, कारण उत्तर बरोबर होतं.

बरं, बोलणं गोड आणि हात कच्चा असंही नाही. आमच्या धंद्यात प्लेट ओतणं म्हणजे पोळी लाटण्यासारखं. आगर नावाचा खळीसारखा पदार्थ उकळून काचेच्या चपट्या बशीत ओतायचा, थिजला की त्यावर जीवाणू पसरायचे आणि उबेला ठेवायचे. मध्ये हवेतली घाण पडली की सगळं मुसळ केरात. मी तोंडाला मास्क लावून, पंखा बंद करून, श्वास धरून प्लेटा ओतायची. दोन दिवसांनी माझ्या प्लेटांवर हिरवी बुरशी. गिरिजा प्लेटा ओतताना स्पोअरशी कानडीत बोलायची, महबूबभाईला मुलीच्या लग्नाचं काय झालं विचारायची, मध्येच मला, "निलू, कसलं तोंड करून बसलीयस गं, पोट दुखायलंय काय?" आणि तिच्या प्लेटा धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ! पोट दुखतच होतं माझं. पण ते औषधानं बरं होणारं नव्हतं. चंचुपात्रांना ती नातेवाइकांची नावं द्यायची. जे लवकर उकळायचं नाही ते "सासूबाई". जे सारखं उतू जायचं ते "धाकटे दीर". मी एकदा "ही प्रयोगशाळा आहे, गिरिजा" असं म्हणाले, तर म्हणते, "म्हणून तर नावं बदलून बोलायलीय, घरी खरी नावं घेते की."

पीएचडीला आम्ही दोघींनी पुढेमागे नाव नोंदवलं. माझा विषय मातीतल्या जीवाणूंचा, सरळ आणि कोरडा. तिनं घेतला टिकाऊपणाच्या रसायनांचा आणि स्पोअरच्या अंकुरणाचा. तो विषय तिला पुस्तकातून सुचला नव्हता. तो आला होता कुंभारीच्या स्वयंपाकघरातून, तिच्या मोठ्या जावेकडून.

या शोभाक्कांचं नाव मी रोज ऐकायची. गिरिजाचा डबा त्याच बांधायच्या. आमटीचं वाटण असं करायच्या की डब्याचं झाकण उघडलं की वरच्या मजल्यावरचे लोक खाली यायचे. भाजलेल्या शेंगा, खोबरं, तीळ, काळं तिखट. गावातल्या चार बायका जमवून त्यांनी ठरवलं की हे ओलं वाटण पाकिटात बंद करून विकायचं. पुण्यातल्या नोकरदार पोरींनी फक्त गरम पाणी घालायचं, की आमटी तयार. बायकांनी पाकिटं बंद करायचं यंत्र आणलं, वेष्टनं छापून घेतली. अडचण एकच होती. वाटण आठवड्याभरात फुगायचं. शोभाक्का धाकट्या जावेला म्हणाल्या, "तू एवडी शिकलीस, कॉलेजात किडं पाळतीस. माज्या वाटणाला औषध काड की."

गिरिजा कामाला लागली. तिची कल्पना, खरं सांगते, सुंदर होती. मला सुचली असती तर मी गावभर मिरवले असते. तिचं म्हणणं, झोपलेल्याला मारता येत नाही ना? मग आधी हलकी ऊब देऊन त्याला उठवायचं, दार उघडायला लावायचं, आणि दार उघडलं की चिंचेच्या कोळाची आंबटाई आणि पोटॅशियम सॉर्बेट नावाचं रसायन यांनी तिथंच गाठायचं. चार वर्षं ती त्याच्या मागे होती. किती ऊब, किती चिंच, किती सॉर्बेट. सुट्टीच्या दिवशीही यायची. हाताला स्पिरिटचा आणि चिंचेचा असा मिसळून वास यायचा.

आणि एके दिवशी तिच्या प्लेटा कोऱ्या आल्या. वाटणात मुद्दाम स्पोअर घातले होते, आणि पसरल्यावर एकही उगवला नाही. पुन्हा केलं. पुन्हा कोऱ्या. तिचे मार्गदर्शक विद्यापीठातून धावत आले. प्राचार्यांनी पेढे मागवले. "आपल्या कॉलेजचं नाव होणार" असं जो तो म्हणू लागला. एक चर्चासत्र ठरलं, बाहेरचे तज्ज्ञ बोलवायचं ठरलं, तिथेच शोभाक्कांच्या पाकिटाचं उद्घाटन करायचं ठरलं. गिरिजा हवेत होती. विभागात येऊन तिनं प्लेट माझ्या नाकासमोर धरली. "बघ की निलू, बघ! एक न्हाई! सगळे गेले!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा प्रबंध तेव्हा टंकलेखनाला गेला होता आणि त्याची कुणी विचारपूससुद्धा करत नव्हतं. मी पेढा तोंडात टाकला आणि खवचटपणे विचारलं, "गिरिजा, तुझा सोलापूरकर मेलाय की झोपलाय, बघितलंस का?"

तिला टोचावं एवढाच माझा हेतू होता. तिचा चेहरा क्षणभर तरी उतरावा. मला उत्तर नको होतं.

पण तिनं हसण्यावारी नेलं नाही. प्लेट खाली ठेवली. मग म्हणाली, "अय्यो, निलू."

काय झालं होतं ते आमच्याच पेशातल्या माणसाच्या हातून व्हावं असं होतं. एखाददुसरा जिवंत राहिला असेल तर तो निसटू नये, म्हणून ती वाटण अजिबात पातळ न करता तसंच्या तसं प्लेटवर पसरत होती. जास्तीत जास्त काळजी घ्यायची म्हणून. पण मग वाटणाबरोबर त्यातलं सॉर्बेट आणि चिंचही प्लेटवर जात होती. दाराबाहेर बसणारा पहारेकरी तिनं स्वतःच सोबत नेला होता. स्पोअर प्लेटवर उगवत नव्हते हे खरं, पण ते मेले म्हणून, की पहारा आहे म्हणून, हे त्या कोऱ्या प्लेटवरून कळायला मार्ग नव्हता. आणि हा फरक शिकवण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता! आनंदाच्या भरात माणसाचं असं होतं. माझं नसतं झालं, कारण मला एवढा आनंद कधी झालाच नाही.

तिनं दुसऱ्या दिवसापासून स्पोअर धुवायला घेतले. यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसवायचे, वरचं पाणी टाकायचं, स्वच्छ पाणी घालायचं, पुन्हा फिरवायचे, पुन्हा धुवायचे. रसायनाचा मागमूस राहिला नाही तेव्हा साध्या प्लेटवर पसरले. मी मुद्दाम लवकर आले होते निकाल बघायला. माझ्या मनात काय होतं म्हणाल, तर दोन्ही होतं. ते उगवावेत असंही, आणि उगवू नयेत असंही.

प्लेट भरून गेली होती. पांढरे ठिपकेच ठिपके.

मी म्हटलं, आता ही रडेल. ती स्टुलावर बसली, प्लेट उजेडात धरली आणि म्हणाली, "बघ कसे ताजेतवाने उठलेत. छान झोप झाली बघ बाबांची." आणि खो खो हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते पाणी हसण्याचंच होतं का, ते मी विचारलं नाही.

तिच्या मार्गदर्शकांनी तिला समजावलं, ते मी समोर बसून ऐकलं. "बिराजदार मॅडम, पाकिटात वाढ होत नाही ना? मग झालं. शीर्षकात 'नाश' ऐवजी 'रोध' लिहा, सादर करा, मुदत संपत आलीय." तांत्रिकदृष्ट्या ते चूक बोलत नव्हते. मी असते तर तेच केलं असतं.

गिरिजा म्हणाली, "सर, पाकिटात न्हाई वाढ. पण पुण्याची ती पोरगी पाकिटात आमटी खाणार न्हाई की. ती पाणी घालणार. पाणी घातलं की सॉर्बेट पातळ, आंबट पातळ. अर्धी आमटी खाणार, अर्धी ओट्यावर ठेवून कामाला जाणार. बाहेर ऊन. ह्यांना तर आम्ही ऊब देऊन आधीच अर्धं जागं करून ठेवलंय." सरांनी चष्मा काढून पुसला.

चर्चासत्र रद्द करता आलं असतं. तिनं करू दिलं नाही. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत शोभाक्का, इरकल साडी नेसून, मांडीवर पाकिटांची पिशवी घेऊन. मी त्यांना पहिल्यांदा तिथे पाहिलं. उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानिणीसारखा तोरा. गिरिजानं त्यांना आदल्या रात्री घरी सांगितलं होतं, पण त्यांना वाटलं होतं ऐनवेळी हिचं मन बदलेल.

गिरिजा उभी राहिली. पहिलं वाक्य, "माझं चुकलं." दुसरं वाक्य, "ही पाकिटं विकू नयेत अशी माझी विनंती आहे." मग पडद्यावर दोन प्लेटा दाखवल्या. धुण्याआधीची कोरी, धुतल्यानंतरची भरलेली. चूक कशी झाली ते असं सांगितलं की मागच्या रांगेतल्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळलं. आणि शेवटी म्हणाली, "हा प्रश्न मला एकाच माणसानं विचारला. निलिमा जोशी मॅडमनी. बाकी सगळ्यांनी पेढे खाल्ले."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पेढा मीही खाल्ला होता. बाहेरून आलेले पांढऱ्या केसांचे तज्ज्ञ उठून टाळ्या वाजवू लागले आणि मग सगळं सभागृहच उठलं. मला वाटलं थोड्या तरी माझ्यासाठी असतील, पण नव्हत्या. सगळे तिच्याकडे बघत होते. चुकल्याबद्दल! माझा प्रबंध पहिल्या फटक्यात, एकही दुरुस्ती न निघता मंजूर झाला तेव्हा महबूबभाईनं "मुबारक हो मॅडम" म्हटलं होतं, तेवढंच.

टाळ्यांमध्ये फक्त शोभाक्का बसून होत्या. टाळ्या थांबल्यावर त्या उठल्या, टेबलावर सजवून ठेवलेली पाकिटं एकेक करून पिशवीत भरली आणि कुणाकडे न बघता निघून गेल्या.

गिरिजाची पीएचडी राहिली ती राहिलीच. सगळं नव्यानं करायचं होतं, तोवर नोंदणीची मुदत सरली. "राहू दे गं," म्हणाली, "स्पोअरला कुटं कळणारे मी डॉक्टर हाय का न्हाई." मी डॉक्टर झाले. पुढे विभागप्रमुख झाले. खुर्ची मिळाली, दारावर पाटी लागली. पाटीचा पहिला स्क्रू तिनंच उभं राहून लावून घेतला, वाकडी बसली म्हणून महबूबभाईकडून पुन्हा लावून घेतली. मी तिच्या पुढे गेले होते, सगळ्या कागदांवर गेले होते. मग मला तसं का वाटेना? माझ्या केबिनमध्ये मुलं सह्यांना यायची आणि शंका विचारायला तिच्या टेबलाशी जायची.

एकदाच तिचा आवाज कापरा झालेला मी ऐकला. डबा उघडता उघडता म्हणाली, "अक्का माझ्याशी बोलत न्हाई, निलू. एका चुलीवर करतो, एका ताटाशी बसतो. पण बोलत न्हाई. माझ्या हातचा चहा पालथा करते."

मी डब्याकडे बघितलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी, वर कांद्याची फोड, कोपऱ्यात लिंबाची फोड. "डबा कुणी बांधला?" मी विचारलं.

"तीच की. पहाटे उठून बांधती. माझ्यासमोर आपटती आणि जाती."

माझ्या घरी सगळे माझ्याशी नीट बोलतात. कुणी रागावत नाही. डबा मी माझा भरते. त्या दिवशी मी तिची अर्धी भाकरी न विचारता घेतली आणि खाल्ली, आणि ती इतकी चांगली होती की मला आणखीच राग आला.

त्या बायकांनी पुढे ओलं वाटण सोडलं. कोरडी चटणी आणि येसर, म्हणजे आमटीचा कोरडा मसाला, करायला लागल्या. त्यात पाणी नाही, म्हणजे स्पोअरला उठायचं कारण नाही. हे गिरिजानंच सुचवलं होतं, पण थेट बोलणं बंद असल्यामुळे नवऱ्याकरवी निरोप पाठवून. धंदा बरा चालला. पुण्याला मात्र गेला नाही. अबोला कधी सुटला ते गिरिजानं मला सांगितलं नाही. हळूहळू सुटला असावा.

यंदा ती निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमात विभागप्रमुख म्हणून मी बोलले. भाषण चांगलं लिहिलं होतं. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग ती उठली, म्हणाली, "ऊट आत? मग जेवायला चला की, भाषण कशाला," आणि लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. जुने विद्यार्थी लांबलांबून आले होते. एक मुलगी तर मंगळवेढ्याहून हातात हुरड्याची पिशवी घेऊन आली होती. माझ्यासाठी नव्हती ती, हे सांगायला नकोच.

शोभाक्का तिला न्यायला आल्या होत्या. आता केस पांढरे, पण तोरा तोच. गिरिजानं ओळख करून दिली, "अक्का, ह्या निलिमा मॅडम."

शोभाक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "प्रश्न इचारणाऱ्या, त्या तुमीच व्हय?"

मी हो म्हटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला त्या प्रश्नाचं काहीतरी देणार होतं. शिव्या दिल्या असत्या तरी मी घेतल्या असत्या.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि गिरिजाकडे बोट दाखवलं. "हिच्यावर मी लई वर्सं राग धरला बगा. येवडं नाव छापलेली पाकिटं हिनं माज्या हातानं खड्ड्यात पुरायला लावली. अजून इसरले न्हाई मी. चल गं, किती येळ? घरी लोक वाट बगायलेत."

"तू हळू चालव मग," गिरिजा म्हणाली. "मागल्या खेपेला काय केलतंस ठाऊक हाय मला, त्या खड्ड्यात घातलीस गाडी."

"तुला चालवायची असंल तर तू चालव."

"मला येतीय का?"

"मग गप बस."

फाटकाशी शोभाक्कांची स्कूटर उभी होती. गिरिजा शाल सावरत, हार गळ्यात तसाच ठेवून मागे बसली. हुरड्याची पिशवी मांडीवर. बसता बसता दोघींचं कानडीतून पुन्हा सुरू झालं, कशावरून ते मला कळलं नाही. शोभाक्का मान मागे वळवून काहीतरी ओरडल्या. गिरिजानं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तोच हात त्यांच्या कमरेभोवती टाकला. स्कूटर निघाली. तिचं तोंड जावेच्या कानाशी होतं, भांडण रंगात आलं होतं, मागे वळून बघायला तिला सवड नव्हती.

मी निरोपाचा हात वर केला होता. फाटकाशी विद्यार्थी उभे होते, महबूबभाई उभा होता. मी तो हात तसाच केसांवरून फिरवला आणि आत आले.